हवेची उशी, झोपाळ्याच्या कड्या आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की माझी दोन वर्षं अडकलेली गोष्ट एका जुन्या जपानी सिनेमामुळे सुटली, आणि वर आगाऊपणा करून "कुणाला याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर कळवा" असंही लिहिलं, तर कळवलंत की हो तुम्ही, इतकं की संपादकांनी या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच द्यायला सांगितलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम गाळलीयेत, कारण निम्म्याहून जास्त लोकांनी आपापल्या सोसायटीतल्या माणसांवर गोष्टी लिहायला घेतल्यात आणि उद्या जिन्यात भांडणं नकोत.

प्रश्न : ताई, तुमच्यावर विश्वास ठेवून 'टोकियो स्टोरी' लावला. वीस मिनिटांत मी झोपले, आमचे हे तर दहाव्याच मिनिटाला. काहीच घडत नाही हो त्यात. म्हातारा-म्हातारी मुलांकडे जातात आणि परत येतात. यातून लिहिणाऱ्याने नेमकं काय घ्यायचं? (कोथरूड)

उत्तर : झोपलात यात लाजण्यासारखं काही नाही, मीही झोपले होते. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लूनावर डबलसीट बसून लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हला गेलो होतो, बाहेर मे महिन्याचं ऊन, आत एसी, आणि पडद्यावर म्हातारी माणसं हळूहळू बोलतायत, कोण जागं राहील? शेवटी मैत्रीण रडत होती आणि मी डोळे चोळत तिला विचारलं, "संपला का?" ती अजून चारचौघांत हे सांगून माझी लाज काढते.

चाळिशी उलटल्यावर परत बघितला. सुरुवातीलाच ओनोमिची नावाच्या समुद्राकाठच्या गावात नवराबायको टोकियोला जायची बॅग भरतायत आणि हवेची उशी सापडत नाहीये. तो म्हणतो मी तुझ्याकडे दिलीये, ती म्हणते माझ्याकडे नाहीये, मग ती उशी निघते त्याच्याच सामानात आणि तो नुसतं "सापडली" म्हणतो. सॉरी नाही, "बघा, मी म्हणत होते ना" नाही, काही नाही. आमच्याकडे उशीच्या जागी चष्म्याचं घर असतं, बाकी सीन हाच, आणि कॉलेजात असताना मी तो बघूनसुद्धा बघितला नव्हता कारण मी पिक्चर सुरू व्हायची वाट बघत बसले होते.

तेव्हा दुसऱ्यांदा बघाल तर दिग्दर्शक यासुजिरो ओझू काय काय दाखवत नाही त्यावर लक्ष ठेवा. टोकियोला जाणारा प्रवास दाखवतच नाही, म्हातारा-म्हातारी एकदम मुलाच्या घरी. परत जाताना आईला गाडीत बरं वाटेनासं होतं, ओसाकाला उतरावं लागतं, ते आपल्याला कळतं तिथला मुलगा ऑफिसात बरोबरच्या माणसाला सांगतो तेव्हा. आणि आई जाते तो क्षणसुद्धा नाही. रात्री ती बेशुद्ध आहे, मग सकाळ, आणि ती गेलेली. वडील कुठायत म्हणून सून शोधायला जाते तर ते बाहेर उभे राहून उजाडताना बघतायत, म्हणतात पहाट फार सुंदर होती, आजही उकडणार. (हे वडील करणारा चिशू र्यू तेव्हा पन्नाशीचासुद्धा नव्हता, हे मला अजून खरं वाटत नाही.) सुरुवातीला खिडकीपाशी थांबून "प्रवासाला निघालात वाटतं" म्हणणारी शेजारीण शेवटी त्याच खिडकीपाशी परत थांबते, तेव्हा घरात एकच माणूस आहे.

आता माझी गोष्ट. माझं माहेर म्हणजे शनिवार पेठेतला वाडा, तो बिल्डरला दिला, आणि रिकामा करायच्या दिवसावर मला लिहायचं होतं. त्यात मी वडलांना तीन पानी भाषण दिलं होतं. आजोबांनी वाडा कसा घेतला, १९६१ ला पानशेतचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, आई कुठल्या खोलीत गेली, सगळं सगळं, आणि वाचताना मलाच जांभया यायला लागल्या, कारण आमचे अण्णा जन्मात असं बोलले नसते, त्यांच्या तोंडून मीच बोलत होते. ती पहाट बघितल्यावर तीन पानं काढून टाकली. उरलं ते एवढंच :

टेम्पो गेलाय. झोपाळा आदल्या दिवशीच उतरवून चुलतभावाकडे पाठवलाय. अण्णा स्टुलावर चढून तुळईतल्या रिकाम्या कड्यांना खोबरेल तेल घालतायत, दर दिवाळीच्या आधी घालायचे तसंच. खालून मुलगी विचारते, "अण्णा, आता कशाला?" ते म्हणतात, "करकरतात."

गोष्ट इथे संपते. आमच्या वाचन गटातल्या एका काकांनी विचारलं की वडलांना विस्मरणाचा आजार दाखवायचाय का, तर त्यांना म्हटलं काका, परत एकदा वाचा, आणि नाही पटलं तर सोडून द्या.

प्रश्न : मी अशीच गोष्ट लिहिली. वाईचे आजी-आजोबा मुलाकडे बाणेरला येतात, मुलगा आणि सून दोघं कामात, शेवटी त्यांना महाबळेश्वरला हॉटेल बुक करून पाठवतात. गटात सगळे म्हणाले ही तर ढापलेली आहे. आता फाडून टाकू का? (औंध)

उत्तर : फाडू नका. 'टोकियो स्टोरी' १९५३ चा, आणि ओझूबरोबर तो लिहिणारा कोगो नोदा याने १९३७ सालचा 'मेक वे फॉर टुमॉरो' हा अमेरिकन सिनेमा बघितलेला होता, त्यातही मुलांना नकोसे झालेले आईबाप आहेत, म्हणजे मूळ बी तिथलं. अकिरा कुरोसावाचा 'राशोमोन' आकुतागावाच्या दोन कथांवर, १९१५ ची एक आणि १९२२ ची एक, आणि आकुतागावाने स्वतः त्या शेकडो वर्षं जुन्या गोष्टींच्या संग्रहातून उचलल्या. कुरोसावाने १९५७ ला 'मॅकबेथ' उचलून जपानी किल्ल्यात नेऊन ठेवला, आणि त्याच्या १९६१ च्या 'योजिम्बो'वरून इटलीवाल्यांनी न विचारता काऊबॉय सिनेमा केला तेव्हा मात्र प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि पैसे मोजून मिटलं. तेव्हा उचलण्यात नवीन काहीच नाही.

तुमची अडचण वेगळीच आहे. तुम्ही पाठवलेली गोष्ट मी पूर्ण वाचली. सिनेमातली मुलं आईबापांना पाठवतात त्या आतामीच्या जागी महाबळेश्वर, विधवा सून नोरिकोच्या जागी धाकटी सून, तिला शेवटी मिळणाऱ्या सासूच्या घड्याळाच्या जागी पाटली, म्हणजे तुम्ही नकाशा तोच ठेवून गावांची नावं बदललीत. आणि त्यात एक जागा होती जी कुठल्याच सिनेमात नाही : आजोबांना सोसायटीच्या गेटवर वॉचमन रोज "कुणाकडे जायचंय?" विचारतो आणि ते रोज मुलाचं नाव न सांगता फ्लॅटचा नंबर सांगतात. ही तुमची स्वतःची. तिला तुम्ही दोन ओळी दिल्यात आणि महाबळेश्वरला चार पानं! महाबळेश्वर काढा. वॉचमनपासून सुरू करा.

प्रश्न : मी 'राशोमोन'सारखी चार निवेदकांची कथा लिहितोय. गणेश चतुर्थीच्या सकाळी कुणीतरी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि अख्ख्या बिल्डिंगला पाणी नाही. सेक्रेटरी, वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि एक भाडेकरू पोरगा असे चौघं आपापली बाजू सांगतात. सगळे म्हणतायत गिमिक वाटतं. (फर्ग्युसन रोड, विद्यार्थी)

उत्तर : तुझे चौघंही "मी नाही केलं" म्हणतायत ना? मग ती पोलीस चौकशी झाली, वाचणारा व्हॉल्व्ह कुणी बंद केला एवढंच शोधत बसणार आणि कळलं की पान मिटणार.

'राशोमोन' नीट बघ, तिथे उलटं आहे. जंगलात एक सामुराई मेलाय. डाकू म्हणतो मी मारला, तलवारीने, बरोबरीच्या लढाईत. बायको म्हणते माझ्या हातात खंजीर होता, मला भोवळ आली, शुद्धीवर आले तर तो नवऱ्याच्या छातीत. मेलेला नवरा मांत्रिक बाईच्या तोंडून म्हणतो मी स्वतःच जीव दिला. म्हणजे तिघंही खून आपल्याच अंगावर घेतायत! कारण खुनी ठरलेलं त्यांना चालतंय, भित्रा किंवा नकोसा झालेला किंवा हास्यास्पद ठरलेलं चालत नाहीये. लाकूडतोड्याने सगळं बघितलंय पण तो खंजिराबद्दल गप्प, कारण मोत्यांच्या मुठीचा तो खंजीर बहुतेक त्यानेच पळवलाय. लाकूडतोड्याने स्वतः डोळ्यांनी बघितल्याची ही चौथी हकिगत आणि शेवटी दरवाजात सापडणारं ते टाकून दिलेलं बाळ हे आकुतागावाच्या कथेत नाही बरं का, सिनेमावाल्यांनी वाढवलेलं आहे. शिनोबु हाशिमोतोने आधी लिहिलेली पटकथा आखूड पडत होती, मग कुरोसावाने दुसऱ्या कथेतला पडका दरवाजा आणून तिला जोडला. मला विचारशील तर दरवाजा हवाच होता, बाळाबद्दल मी अजून कुरकुरते.

कुरोसावाने आत्मचरित्रात लिहिलंय की शूटिंगच्या तोंडावर त्याचे तीन असिस्टंट त्याच्याकडे आले, म्हणाले स्क्रिप्ट कळत नाहीये. त्याने सांगितलं की माणूस स्वतःबद्दल स्वतःशीसुद्धा खरं बोलू शकत नाही, जरा नटवल्याशिवाय त्याला स्वतःबद्दल बोलताच येत नाही, त्याबद्दल आहे हे. दोघांचं समाधान झालं, तिसरा रागावलेलाच गेला. तुझ्या गटात फक्त एक रागावलेला असेल तर बरंय म्हणायचं.

तर आता व्हॉल्व्हकडे ये. चौघांनाही "मीच बंद केला" म्हणू दे. सेक्रेटरी म्हणेल टाकी ओव्हरफ्लो होत होती, मी पाणी वाचवलं, कारण त्याला पंप बिघडलेला होता आणि मला जमला नाही हे सांगायचं नाहीये. काकू म्हणतील मीच केला, मेंटेनन्स न भरणाऱ्यांना धडा, आणि खरं म्हणजे त्यांना गुडघ्यामुळे गच्चीपर्यंत चढताच येत नाही आणि ते त्यांना कुणाला कळू द्यायचं नाहीये. पुढचे दोघं तू लिही, मी सगळं सांगितलं तर मानधनात वाटा मागेन.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस म्हणजे एकतर भजी नाहीतर प्रेम. जपानी सिनेमातला पाऊस वेगळा का वाटतो? (सिंहगड रोड)

उत्तर : कारण त्यात चिखल आहे. 'राशोमोन'च्या दरवाजावरचा पाऊस कॅमेऱ्यात उठून दिसेना म्हणून त्यांनी पाण्यात काळी शाई मिसळली होती. कुरोसावाच्याच 'सेव्हन सामुराय'ची शेवटची लढाई बघा, घोडे, माणसं, भाले सगळं त्या राड्यात घसरतंय, कोण कुणाला मारतंय कळत नाही. मी त्यानंतर पावसाच्या माझ्या जुन्या कथा काढून बघितल्या तर एकातही कुणाची चप्पल अडकलेली नव्हती. तुमच्या सिंहगड रोडवर राहून चिखलाला तोटा नसावा.

प्रश्न : हिंजवडीला नोकरी, जाऊन येऊन तीन तास रस्त्यावर. पटकथा लिहायचीये, वेळ कधी काढायचा? आणि तीन अंकी रचना वगैरे पुस्तकी गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. (वाकड)

उत्तर : वेळेचं कुरोसावाचंच ऐका. तो म्हणायचा रोज एकच पान लिहा, वर्षाच्या शेवटी ३६५ पानं होतात. ऐकायला शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं आहे हे मान्य, पण मी गेली तीन वर्षं करतेय आणि माझी दोनशेच्या वर कधी गेली नाहीत, तरी आधीच्या शून्यापेक्षा बरी.

दुसरं म्हणजे एकटं लिहू नका. 'सेव्हन सामुराय' लिहायला कुरोसावा, हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी असे तिघं आतामीला जाऊन राहिले. आतामी म्हणजे टोकियोवाल्यांचं लोणावळा समजा, गरम पाण्याच्या झऱ्यांचं, 'टोकियो स्टोरी'तली मुलं आईबापांना पाठवतात तेही तिथेच. कुरोसावा आणि हाशिमोतो एकच सीन वेगवेगळा लिहायचे आणि ओगुनी लिहायचाच नाही, तो फक्त वाचून सांगायचा की यातलं काय राहील आणि काय जाईल. मला ही पद्धत इतकी आवडली की आम्ही तिघी मैत्रिणी महिन्यातून एका रविवारी कर्वे रोडच्या एका हॉटेलात बसतो, दोघी एकच प्रसंग लिहून आणतो, तिसरी पेन आणायचंच नाही या अटीवर येते. त्या तिसरीने माझे जेवढे आवडते परिच्छेद मारलेत तेवढे कुठल्या संपादकाने मारले नाहीत. तुमच्या बसमध्ये असे दोघं भेटतील बघा, तीन तास असतातच.

आणि रचनेचं म्हणाल तर पुस्तक ठेवा बाजूला, सवाईला रात्र काढलीये ना कधी? जपान्यांच्या 'नो' नावाच्या जुन्या नाटकात 'जो-हा-क्यू' असा क्रम असतो, आधी संथ मांडणी, मग मोडतोड, मग झपाट्याने शेवट. कुरोसावाने पटकथा लिहिणाऱ्यांना हाच क्रम सुचवलाय. आपल्याला हे शिकवायला कशाला पाहिजे, विलंबित, मध्य, द्रुत हे कानातच आहे. विलंबितात घाई केली तर द्रुताला काही उरत नाही हे पुण्यातला कुठलाही रिक्षावाला सांगेल, निदान माझा एक नेहमीचा रिक्षावाला तरी सांगतो.

मात्र ती चौकट कशी मोडायची हेही बघा, त्याला 'इकिरू', १९५२ चा. हीरो एक सरकारी बाबू, पोटाचा कॅन्सर, सहा महिने उरलेत, आणि तीस वर्षं त्याने शिक्के मारण्याशिवाय काही केलेलं नाही. सुरुवातीलाच काही बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात तर त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत पाठवत परत पहिल्याच खिडकीवर आणतात, हे कुठल्या देशातलं आहे असं वाटत नाही ना? मग हा माणूस ठरवतो की त्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करायची. आणि आता आपण खुर्चीत पुढे सरकून बसतो की बघू कशी करतो, तर कुरोसावा सरळ सांगतो की पाच महिन्यांनी तो मेला. सिनेमाचा एक मोठा तुकडा शिल्लक असताना! पुढचं सगळं घडतं त्याच्या फोटोसमोर जमलेल्या ऑफिसातल्या लोकांच्या गप्पांतून. बाग खरं म्हणजे कुणामुळे झाली, त्याला आजार माहीत होता का, श्रेय कुणाचं, दारू चढत जाते तसे सगळे गहिवरतात आणि उद्यापासून आम्हीही असंच काम करू म्हणून शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात परत तेच.

हे बघितल्यावर मी तेराव्याला जाते तेव्हा कान उघडे ठेवून बसते. लाडू वाढेपर्यंत गेलेल्या माणसाची चार वेगळी चरित्रं तयार झालेली असतात आणि प्रत्येकात सांगणारा जरा मोठा झालेला असतो. तुमच्या पटकथेतला नायक पहिल्या साठ पानांतच मारून बघा, उरलेली तीस पानं कोण कोण बोलायला येतं ते कळेल.

प्रश्न : सगळे पुरुषच हो. सामुराय, बाबू, डाकू. मी घरगुती बायकांवर लिहिते, मला यात काय मिळणार? (सहकारनगर)

उत्तर : तुम्हाला मी कुरोसावाकडे पाठवणारच नाही, तुम्ही मिकिओ नारुसे बघा. 'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स' १९६० चा, हिदेको ताकामिने त्यात टोकियोच्या गिन्झामधल्या एका बारची व्यवस्था बघणारी विधवा आहे, रोज संध्याकाळी तो जिना चढायला तिला नको असतं आणि रोज ती तो चढते, एवढंच जवळजवळ. पण नारुसे तुम्हाला सतत आकडे सांगत राहतो. किमोनो केवढ्याला, भाडं किती, कुणाची उधारी थकलीये, भावाला वकिलासाठी पैसे पाहिजेत, भाच्याच्या ऑपरेशनला पाहिजेत. प्रेमाच्या सीनमध्येसुद्धा मागे कुठेतरी हिशोब चालू असतो.

मी आईवर लिहिताना वर्षानुवर्षं "पैशाची चणचण होती" असं लिहायचे. छान गुळगुळीत वाक्य, कुणाला कुठे टोचत नाही. नारुसेनंतर आईची हिशोबाची वही काढली, शंभर पानी, मागच्या पानावर दूधवाल्याचा खाडा. त्या महिन्यात दूधवाल्याचे २१० राहिलेत आणि त्याच्याच खालच्या ओळीत माझ्या शाळेच्या सहलीचे ३५० भरलेत. ते दोन आकडे तसेच गोष्टीत ठेवले आणि चणचण काढून टाकली. तुमच्या कथेतल्या बायकांच्या हातात किती पैसे आहेत ते तुम्हाला नेमकं माहितीये का? मला तुमच्या दोन्ही कथांत कुठे सापडलं नाही.

आणि जमलं तर किनुयो तानाका बघा. मिझोगुचीच्या 'उगेत्सू'तली बायको, ती तीच. नवरा खूप दिवसांनी घरी येतो, अंधारं घर, विझलेली चूल, तो हाका मारत घराला वळसा घालून परत येतो आणि त्याच एका सलग शॉटमध्ये चूल पेटलेली आणि ती स्वयंपाक करत बसलेली. ती जिवंत नाहीये हे सकाळी कळतं. हीच तानाका १९५३ पासून स्वतः दिग्दर्शन करायला लागली, आणि १९५५ ला तिने फुमिको नाकाजो या कवयित्रीवर सिनेमा केला, मोडलेलं लग्न, दोन मुलं, स्तनांचा कॅन्सर आणि त्यातून लिहिलेल्या कविता. लिहिणाऱ्या बाईने तो बघायलाच पाहिजे असं माझं मत आहे, पण हातात रुमाल ठेवा.

प्रश्न : संपादक म्हणतात माझ्या कथेत संवाद फार. मी मूळचा माण तालुक्यातला, दुष्काळावर लिहितो, माणसं बोलणारच ना? (हडपसर)

उत्तर : दादा, कानेतो शिंदोचा 'नेकेड आयलंड', १९६०. समुद्रातलं एक एवढंसं बेट, त्यावर एकच कुटुंब, आणि बेटावर गोडं पाणी नाही. नवराबायको होडी वल्हवत पलीकडे जातात, खांद्यावरच्या काठीला दोन बादल्या लावून आणतात, डोंगर चढतात आणि एकेका रोपाला ओगराळ्याने घालतात, की परत खाली. संवाद जवळजवळ नाहीतच, दीड तास! १९६१ ला मॉस्कोच्या महोत्सवात याला मोठं बक्षीस मिळालं, आणि माझी खात्री आहे की माणमधल्या कुठल्याही बाईला हा सबटायटलशिवाय कळेल.

एकदा चढताना बायकोची बादली उलटते. नवरा आपली काठी जपून खाली ठेवतो, चालत येतो आणि तिच्या कानाखाली मारतो. मग दोघं परत कामाला. मला त्याचा भयंकर राग आला आणि तरी त्या बादलीची किंमत किती हे त्याच वेळी कळलं, आणि हे दोन्ही एकदम वाटणं मला कुठल्याही संवादातून जमलं नसतं. पुढे त्यांचा मुलगा जातो, तिला दफन झाल्यावर एक दिवस सहन होत नाही, ती पाणी ओतून देते, रोपं उपटते, जमिनीवर पडून रडते. तो नुसता बघत उभा राहतो. आणि परत पाणी घालायला लागतो. थोड्या वेळाने तीही उठते.

तुमच्या कथेत टँकर येतो त्या पानावर सात माणसं बोलतायत, "यंदा लय वाईट हाय बाबा" वगैरे. सातही जणांना गप्प करा आणि रांगेतले हंडे दाखवा. कुणाचा पितळी, कुणाचा प्लास्टिकचा, कुणाच्या तळाला एमसील लावलंय. मग एकालाच बोलू द्या, आणि त्याला दुष्काळाबद्दल बोलू देऊ नका.

प्रश्न : हे सगळं बघायचं कुठे? मराठी सबटायटल मिळतात का? (धनकवडी, आणि आणखी बऱ्याच जणांचा)

उत्तर : मराठी सबटायटल मला तरी मिळाली नाहीत, इंग्रजीवर भागवा. पुण्यात राहून तक्रार करू नये, अर्काइव्ह इथे आहे, फिल्म इन्स्टिट्यूट इथे आहे, फिल्म क्लब आहेत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला पिफ म्हणजे आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. शिवाय या गावात दर चौथ्या घरात कुणीतरी जपानी शिकतंय, रानडे इन्स्टिट्यूटला नाहीतर कुठल्या क्लासला, त्या भाचीला शेजारी बसवा, सबटायटलात काय काय गाळलंय ते ती सांगेल. माझ्या भाचीने सांगितलं की 'टोकियो स्टोरी'तली म्हातारी माणसं त्यांच्या गावाकडच्या बोलीत बोलतात आणि मुलं टोकियोची भाषा, इंग्रजी वाचताना ते पार धुऊन जातं. हे कळल्यावर मी माझ्या एका कथेतल्या काकूंना परत कोल्हापुरी बोलायला लावलं, उगीच त्यांना सदाशिव पेठेत आणून बसवलं होतं.

पहिला कुठला बघू म्हणाल तर 'इकिरू'. ओझू नंतर, आणि दुपारी जेवल्यावर अजिबात नको. बघून झालं की सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसा, ते ओकायामाच्या बागेवरून केलेलं आहे आणि ओनोमिची ओकायामाच्या शेजारच्याच प्रांतात येतं. वही न्या. सेल्फी काढणाऱ्या जोडप्यांकडे दुर्लक्ष करा, किंवा करू नका, तेच लिहा.

प्रश्न : तुमची ती वाड्याची गोष्ट छापून आली का? आणि तुमच्या वडलांनी वाचली का? (नारायण पेठ)

उत्तर : आली, गेल्या दिवाळी अंकात. अण्णा आता भावाकडे वारज्याला असतात, अंक नेऊन दिला, त्यांनी चष्मा लावून दोन दिवसांत सावकाश वाचला. मी चहा करत होते तर आतून आवाज आला, "खोबरेल नाही घालायचं कड्यांना, थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल घालतात."